खो-खो, कबड्डी, लांब उडी: 'असं कर' न सांगता पेच घालून कौशल्य कसं शिकवायचं?

पुळणवाट (धागाकर्ता)

किनारपट्टीवरच्या बहुतेक शाळांत खेळाचा तास ३५-४० मिनिटांचा. मुलं चाळीसच्या घरात, शिक्षक एक. मैदान म्हणजे कातळावर माती ओतून केलेला तुकडा, नाहीतर कापणी झालेलं भातखाचर. जून ते सप्टेंबर तेही हाताशी नसतं, मग उरते शाळेची पडवी. एवढ्यात कौशल्य शिकवायची सगळीकडे रुळलेली रीत एकच: ओळ लावायची, एकाने करून दाखवायचं, बाकीच्यांनी नक्कल करायची आणि शिक्षकाने 'खाली वाक', 'हात लांब कर', 'मागे बघू नकोस' असं ओरडत राहायचं. नक्कल ओळीत जमते. सामन्यात समोर माणूस उभा राहिला की गळून पडते.

अभियांत्रिकीतली ट्रिझ पद्धत इथे उपयोगी पडेल असं वाटतं. गेनरिख आल्टशुलर यांनी १९४६ पासून सोव्हिएत संघात तिची बांधणी सुरू केली. असंख्य पेटंटं तपासून त्यांनी मांडलं की अवघड प्रश्नाच्या पोटात एक पेच असतो: एक गोष्ट सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. मधला मार्ग काढून दोन्ही अर्धवट पदरात घेण्यापेक्षा तो पेचच सोडवावा, आणि त्यासाठी त्यांनी ४० तत्त्वं दिली.

खेळात पेच पावलोपावली आहेत. पण चाळीस तत्त्वं सातवीच्या मुलांपुढे ठेवून चालणार नाही. मग हे मैदानावर उतरवायचं कसं? ज्यांनी खो-खो, कबड्डी, मैदानी प्रकार यांचे धडे असे आखले आहेत त्यांनी नेमकी मांडणी, मापं, आणि कुठे फसतं ते लिहावं. 'मुलांची सर्जनशीलता वाढते' एवढ्यावर थांबू नये ही विनंती.

सुंभ

तत्त्वं मुलांपुढे काढायचीच नाहीत. ती शिक्षकाने आदल्या दिवशी धडा आखताना वापरायची. मुलांपुढे न्यायचा तो फक्त पेच, तोही एका वाक्यात: 'अमुक हवं, पण ते केलं की तमुक बिघडतं.'

खो-खोतलं खांबावरचं वळण घ्या. दोष असा सांगितला जातो: 'वळण फार मोठं घेतोस.' पेच असा: 'खांबापर्यंत वेग हवा, पण वेग असला की वळण फाकतं.' हे फाकणं आळसाने होत नाही. वळताना शरीराला आत खेचणारा जोर लागतो. तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि वळणाची त्रिज्या वाढली की कमी होतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने १ मीटर त्रिज्येत वळायचं तर शरीराच्या वजनाच्या अडीचपट जोर लागेल. भुरभुरीत मुरमावर उघडा पाय वजनाएवढाही आडवा जोर देत नाही, घसरतो. म्हणजे 'छोटं वळ' असं कितीही ओरडलं तरी होणार नाही. एकतर वेग कमी करायला हवा (५ वरून अडीचवर आणला की लागणारा जोर चौथाईवर येतो), नाहीतर पायांखेरीज दुसरं काहीतरी आत खेचणारं हवं. ते दुसरं काहीतरी म्हणजे खांब धरलेला हात. हे मुलांना सांगायचं नाही, त्यांनी शोधायचं.

मांडणी: खांबाभोवती फक्कीने दोन वर्तुळं आखा, एक ६० सेंमी त्रिज्येचं, दुसरं १२० सेंमीचं. सुरुवात खांबापासून दुसऱ्या चौकाजवळ (चौक म्हणजे खेळाडू बसतो ती जागा), म्हणजे साधारण ५ मीटरवर. शेवट त्याच चौकाच्या पलीकडच्या बाजूला. चौघांचा गट: एक धावणार, एक घड्याळ धरणार, एक फक्त पाय बघणार, एक लिहिणार. काम असं: 'पाय मोठ्या वर्तुळाबाहेर न टाकता जाऊन या. तीन वेगवेगळ्या रीती शोधा आणि सर्वांत कमी वेळ कुठल्या रीतीला लागतो ते लिहा.' वेळ ८ मिनिटं. नंतर तेच लहान वर्तुळात.

साधारणपणे तीन उत्तरं निघतात. शेवटची दोन-तीन पावलं आखूड करून मग पुन्हा वेग घेणं. आतल्या हाताने खांब धरून त्याभोवती झुलणं. बाहेरचा पाय आडवा रोवून तिथेच फिरणं. ट्रिझच्या भाषेत पहिली रीत म्हणजे पेच वेळेत वेगळा करणं (आधी हळू, मग जोरात). दुसरी जागेत वेगळा करणं (पाय धावतात, हात वळवतो). शिक्षकाच्या वहीत ही नावं असली की पुरे. मोठ्या वर्तुळात पहिली रीतही चालून जाते. लहान वर्तुळात आल्यावर हाताशिवाय वेळ फार वाढतो आणि ते मुलांना घड्याळावरच दिसतं.

मग पुढचा प्रश्न टाका: खांब वरच्या टोकाशी धरला तर, कमरेच्या उंचीवर धरला तर? अंग किती कललं, हात सुटला कधी? यावर आणखी ५ मिनिटं सहज जातात आणि ती सार्थकी लागतात.

काय बिघडतं:

खांब हलतो. वाळूसरीच्या जमिनीत नुसता पुरलेला खांब चार वळणांत सैल होतो. निदान दोन फूट खोल घ्या आणि भोवती चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवा. पोफळीचं खोड हाताशी असतं म्हणून वापरू नका, त्याच्या चिरफळ्या तळहातात घुसतात. सुरूचा सोललेला, घासलेला वासा चालतो. अधिकृत खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंमी असतो, जाडी मुठीत येण्याजोगी. खांब कमी पडतात म्हणून माडाचा बुंधा वापरायचा मोह होतो. तो मुठीत मावत नाही, आणि वरून नारळ किंवा झावळ कधी सुटेल याचा भरवसा नाही. माडाखाली गट उभाच करू नये.

मुलं एकाच बाजूने वळतात. उजवं वळण साधलं की सगळे उजवेच. म्हणून प्रत्येक रीत दोन्ही बाजूंनी करून तिचा वेळ लिहायला लावा.

आणि सर्वांत मोठी चूक शिक्षकाची: दुसऱ्याच मिनिटाला 'अरे हात धर की!' असं उत्तर फोडणं.

कातळसडा

सुंभ यांनी खांबाचं छान लिहिलंय. कबड्डीबद्दल मी लिहितो. इथे मला ट्रिझपेक्षा बंधनं बदलण्याची पद्धत जास्त हाताला येते. कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये मांडलं की हालचाल तीन प्रकारच्या बंधनांतून आकार घेते: खेळाडूची (उंची, ताकद, भीती), परिसराची (जमीन, वारा, ऊन) आणि कामाची (नियम, साधनं, जागा). खेळाडू आणि परिसर तासाभरात बदलत नाहीत. कामाचं बंधन शिक्षकाच्या हातात असतं, ते बदललं की हालचाल आपोआप बदलते.

चढाईतला मूळ पेच: 'गुण मिळवायला खोल जायला हवं, पण खोल गेलं की परतायची वाट बंद होते.' पुरुषांच्या १३ × १० मीटर मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटर, तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. महिलांच्या १२ × ८ मीटर मैदानात निदान रेषा ३ मीटरवर. कुणाला स्पर्श झाला नाही आणि निदान रेषाही ओलांडली नाही, तर चढाईपटू बाद. म्हणजे नियमच खोल जायला लावतो. नवशिकी मुलं काय करतात? सरळ आत जातात, सरळ मागे येतात, नजर पायाकडे. कोपरारक्षकाला हेच हवं असतं.

पहिलं बंधन, जागेचं: अर्ध्या मैदानाची रुंदी फक्कीने तीन पट्ट्यांत विभागा. नियम: ज्या पट्टीतून आत गेलात त्याच पट्टीतून परत यायचं नाही. बचावाला तिघेच, हात धरायचे नाहीत. चढाईला २० सेकंद (खऱ्या खेळात ३०). बाकी एक शब्द सांगू नका. चार-पाच चढायांत तिरकी चाल दिसू लागते, कारण सरळ चालीला उत्तरच राहिलेलं नसतं. पाठ कुणाकडे ठेवायची हा प्रश्न मुलं स्वतः विचारू लागली की धडा लागू पडला असं समजा.

दुसरं बंधन, भीतीचं: पहिल्या आठवड्यांत पकड काढून टाका. चढाईपटूच्या कमरेला मागे ३० सेंमी कापडी पट्टी खोचा. ती ओढली की तो बाद. यात नेहमी एक गडबड होते: मुलं एक हात मागे धरून पट्टी राखतात आणि स्पर्शाला एकच हात उरतो. म्हणून नियम जोडा, चढाईपटूने स्वतःच्या पट्टीला हात लावला की बाद. तसं झाल्यावर पट्टी राखायचा एकच मार्ग उरतो, अंग फिरतं ठेवणं. तेच तर शिकवायचं आहे.

तिसरं, बोनस. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतानाच तो मिळतो आणि एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला की मागचा पाय हवेत हवा. मुलं दोन्ही पाय टेकवतात किंवा इतकी पुढे झेपावतात की तोल कोपऱ्याकडे जातो. पेच: 'पुढचा पाय लांब टाकायचा, पण वजन मागेच ठेवायचं.' बोनस रेषेच्या जागी १ मीटर लांब आणि २० सेंमी रुंद ओली वाळू पसरा. खोल टाच उमटली तर वजन पुढे गेलं, नुसती चवड्याची हलकी खूण असेल तर वजन मागे राहिलं. मुलगा स्वतः वाकून बघतो. शिक्षकाला बोलावं लागत नाही.

दम हा वेगळाच विषय. झेप घेताना आवाज तुटतो. एका मुलाला फक्त ऐकायचं काम द्या, मैदानाकडे पाठ करून. आवाज तुटला की हात वर. ऐकणाऱ्यालाही दम कुठे तुटतो ते कळतं, त्यामुळे दर तीन चढायांनी तो बदला.

मैदानरेषा

वरच्या दोन्ही प्रतिसादांना माझा आक्षेप आहे, आणि तो गंभीर आहे. सगळं शोधायला लावणं हे चाळीस मुलांच्या वर्गात धोक्याचं आहे.

खो-खोतला सूर मारणं शोधून काढायची गोष्ट नव्हे. छाती आधी, हनुवटी वर, हात पुढे सरकते, हा क्रम चुकला तर मनगट किंवा कॉलर बोन जातं. कबड्डीत मानेला विळखा, चढाईपटूचा श्वास कोंडणं, कपडे ओढणं, या गोष्टी पहिल्या दिवशी स्पष्ट बंद कराव्या लागतात. पकडीत डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं तेही दाखवूनच द्यावं लागतं: डोकं चढाईपटूच्या अंगाबाहेर, त्याच्या गुडघ्यासमोर कधीच नाही. समुद्रात किंवा विहिरीत पोहणं तर सोडूनच द्या.

दुसरं, अगदी नवख्या मुलाला काहीच येत नसताना 'तीन रीती शोध' म्हटलं तर तो गोंधळतो, आणि गोंधळलेलं मूल मैदानाच्या कडेला जाऊन बसतं. थेट दाखवण्याला नावं ठेवू नका.

सुंभ

मैदानरेषा, आक्षेप मान्य, आणि तो धाग्यात वरती असायला हवा होता. सीमारेषा अशी आखता येईल: चुकीची किंमत सेकंदात मोजता येत असेल तर पेच घाला. चुकीची किंमत हाडात मोजावी लागत असेल तर दाखवा, करवून घ्या, तपासा. सूर मारायचा कसा हे दाखवायचं. सूर *कधी* मारायचा हा मात्र पेचच आहे आणि तो दाखवून येत नाही.

नवख्यांबद्दल: 'काहीही शोधा' असं मोकळं सोडू नये. प्रश्न इतका अरुंद हवा की दोन-तीनच उत्तरं शक्य असावीत. वर्तुळ, पट्ट्या, कापड हे सगळं प्रश्न अरुंद करण्यासाठीच आहे. प्रश्नाच्या शब्दांचाही फरक पडतो. 'का?' विचारलं की मुलं शिक्षकाला आवडेल ते उत्तर देतात. 'कधी जमतं, कधी नाही?', 'अर्ध्या जागेत जमेल?', 'डोळे वर ठेवून जमेल?' असं विचारलं की ती करून बघतात.

३५ मिनिटं अशी वाटता येतात: ४ मिनिटं अंग मोकळं करायला. ५ मिनिटं खेळ, काहीही न शिकवता, म्हणजे पेच मुलांच्या अंगावर येतो. २ मिनिटं पेच शब्दांत. १० मिनिटं गटात शोध. ३ मिनिटं दोन गटांनी दाखवणं. उरलेली ११ मिनिटं पुन्हा पहिलाच खेळ, नव्या उत्तरासह. शेवटचा खेळ वेळेअभावी कापला जातो आणि मग सगळा धडा हवेत राहतो. कापायचंच तर दाखवणं कापा. खेळ, मग समज, मग कौशल्य, मग पुन्हा खेळ हा क्रम १९८२ मध्ये बंकर आणि थॉर्प यांनी इंग्लंडात मांडला, त्याचाच हा शाळेच्या तासात बसवलेला अवतार.

उधाण

किनाऱ्यावरची शाळा म्हणजे अर्धं साहित्य फुकट आहे, पण कुणी वापरत नाही. ट्रिझमध्ये एक कल्पना आहे, आदर्श फलित: काम व्हावं आणि ते करणारं वेगळं यंत्र नसावं. कातळसडा यांची ओल्या वाळूची पट्टी हे त्याचं चांगलं उदाहरण. पुळणीवर ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू ही शेकडो मीटर लांब नोंदवहीच आहे. प्रत्येक पाऊल, त्याची लांबी, टाच की चवडा, वळण कुठे सुरू झालं, सगळं लिहिलेलं राहतं.

आधी वेळ. तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची वेळ हा किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला. ती भर उन्हाची वेळ, उपयोगाची नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि पट्टा रुंद मिळतो. संध्याकाळच्या तासाला त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतचे दिवस धरा, सकाळी सातच्या सरावाला प्रतिपदा-द्वितीया. हिशेब ढोबळ आहे, छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर अर्धा तास एवढंच काम. पाण्याकडे तोंड करून चेंडूचा कोणताही खेळ लावू नका, कारण चेंडू पाण्यात गेला की मूल मागून जातं. पावसाळ्यात पुळण पूर्ण बंद.

आता लांब उडी. पेच: 'पूर्ण वेगात यायचं, पण २० सेंमी रुंदीच्या फळीवरच पाय पडायला हवा.' मुलं काय करतात? फळी जवळ आली की पावलं चोरतात, किंवा शेवटी एक मोठी ढांग टाकतात. दोन्हीत वेग मरतो. 'पावलं मोज' सांगितलं तर मूल मोजतच धावतं.

पुळणीवर फळीच ठेवू नका. सुरुवातीची रेघ ओढा आणि सांगा: 'डोळे वर ठेवून १२ पावलं पूर्ण वेगात धाव, बारावं पाऊल उमटलं तिथे सुंभाचा तुकडा ठेव.' पाच वेळा. पाच तुकड्यांमधलं अंतर मोजा. एक मीटरभर पसरले असतील तर सुरुवातच दर वेळी वेगळी होते आहे: कधी उभ्याने, कधी चालत येऊन. सुरुवात एकसारखी केली की पसारा आवळतो. मग त्या पाच तुकड्यांच्या मध्यावर फळीची रेघ ओढा. म्हणजे मुलाने फळी शोधायची नाही, फळीने मुलाच्या पावलाखाली यायचं. आल्टशुलर यांच्या ४० तत्त्वांत 'उलट करा' हे एक तत्त्व आहे, ते हेच.

मग शेवटच्या चार ठशांकडे बघायला लावा. चांगल्या उडीत शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब आणि अगदी शेवटचं थोडं आखूड पडतं, कारण आधी कंबर किंचित खाली जाते आणि मग उसळी मिळते. हे सांगायचं नाही. गटातल्या सर्वांत लांब उडीचे आणि सर्वांत आखूड उडीचे शेवटचे चार ठसे सुंभाने मोजायला लावायचे. सुंभावर दर १० सेंमीला गाठ. फरक मुलं स्वतः वाचतात.

गडबड कुठे होते: ओल्या वाळूवरचा वेग कठीण धावपट्टीपेक्षा कमी पडतो, त्यामुळे पुळणीवरचं अंतर शाळेच्या मैदानावर जसंच्या तसं चालत नाही. तिथे पुन्हा पाच धावा करून फळी जुळवावीच लागते. पाय फळीपुढे २० सेंमी पडत असेल तर सुरुवात २० सेंमी मागे, एवढं साधं. उडी मात्र पुळणीवर मारू नये, घट्ट वाळूवर टाचा आणि कणा दोन्हींना झटका बसतो. उडीसाठी वरची कोरडी, फावड्याने भुसभुशीत केलेली वाळू.

शाळेचीघंटा

पावसाळ्यातल्या पडवीचं कुणीच बोललं नाही. २ मीटर रुंद, १२-१५ मीटर लांब, बाहेर धो धो पाऊस आणि ३०-४० मुलं. तिथे काय पेच घालणार?

सुंभ

पडवीत वेग शिकवायचाच नाही. उठणं शिकवायचं. खो-खोत बसलेला खेळाडू किती चटकन उठतो यावर अर्धा पाठलाग ठरतो, आणि त्याला दोन मीटर पुरतात.

पेच: 'खो मिळण्याआधी हलायचं नाही, पण मिळताच सगळ्यांत आधी सुटायचं.' खो मिळण्याआधी उठलं की फाऊल. म्हणून मुलं एकतर अधीर होऊन चुकतात किंवा दगडासारखी बसतात. उपाय शरीराच्या ठेवणीत आहे: कुठला पाय पुढे, टाच उचललेली की टेकलेली, हात जमिनीवर की गुडघ्यावर, वजन कुठे.

इथे झ्विकी यांची पेटी कामाला येते. फ्रिट्झ झ्विकी हे खगोलशास्त्रज्ञ. प्रश्नाचे सगळे घटक वेगळे काढून त्यांच्या सगळ्या जोड्या लावून बघायच्या अशी त्यांची पद्धत. फळ्यावर तीन ओळी काढा. पाय: उजवा पुढे, डावा पुढे, दोन्ही समान. टाच: वर, खाली. हात: दोन्ही जमिनीला, एक जमिनीला, दोन्ही गुडघ्यावर. ३ × २ × ३ म्हणजे १८ ठेवणी. नऊ गटांना प्रत्येकी दोन. प्रत्येक ठेवण दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, भिंतीवरच्या खडूच्या रेघेपर्यंत फक्त दोन पावलं. हाताच्या घड्याळाने इतका छोटा वेळ नीट मोजता येत नाही, म्हणून वेळ मोजू नका. दोन ठेवणींची जोडी शेजारी शेजारी बसवून एकाच टाळीवर सोडा आणि आधी कोण पोहोचतं ते बघा. मग दोघांनी ठेवणी बदलून पुन्हा, म्हणजे चपळ मुलामुळे ठेवण जिंकली असं होत नाही.

खूण पुढे बदलत न्या: टाळी, मग 'खो' शब्द, मग पाठीवर हाताचा स्पर्श आणि शब्द एकत्र. खऱ्या खेळात खो मागूनच मिळतो, त्यामुळे समोरून दिलेल्या खुणेचा सराव सामन्यात फारसा उपयोगी पडत नाही.

फरशी ओली असेल तर हे करू नका. पावसाची झड आत येते तिथे गोणपाट टाकूनही ते सरकतं. कोरड्या भागात, अनवाणी, एका वेळी तीन जोड्या. उरलेले मोजणारे आणि लिहिणारे.

कातळसडा

पडवीतच कबड्डीच्या साखळीचाही सराव होतो. दोघांनी हात धरायचे, पण कसे? मनगट की तळवा, जवळच्या खांद्याची उंची सारखी नसेल तर काय, एकाने पुढे झेप घेतली तर दुसऱ्याचा पाय कुठे? दोघांमध्ये एक उशी ठेवून सांगा: 'हात न सोडता उशी दोघांच्या मध्ये कोंडा, जमिनीवर पाडू नका.' उशीच्या जागी तिसरा मुलगा सप्टेंबरानंतर, मातीवर.

पुळणवाट (धागाकर्ता)

हे सगळं वहीत उतरवतोय. दोन प्रश्न राहिले. मुलाला खरंच आलं की नाही हे कसं तपासायचं? आणि मुलांनी अशी रीत शोधली की जी चुकीची आहे पण त्या दिवशी जिंकते, तर?

मैदानरेषा

पहिल्या प्रश्नावर मी ठाम आहे: त्याच तासाच्या शेवटी तपासू नका. त्याच वेळी सगळ्यांना येतं. आठवड्याने, काही आठवण न करून देता, थेट खेळात बघा. १९७९ साली शी आणि मॉर्गन यांनी प्रयोगात दाखवलं की एकच काम सलग करणाऱ्यांची सरावातली कामगिरी चांगली दिसते, पण कामं मिसळून करणाऱ्यांच्या लक्षात नंतर जास्त राहतं. म्हणून खांबाची वळणं सलग दहा घेण्यापेक्षा वळण, उठणं, हुलकावणी असं आलटून पालटून घ्या. सराव विस्कळीत दिसेल, मुख्याध्यापकांना शिस्त नाही असं वाटेल. तरी तसाच घ्या.

नोंदीसाठी प्रत्येक मुलाला एका ओळीत तीन रकाने पुरतात: खेळात योग्य वेळी प्रयत्न केला का, प्रयत्न यशस्वी झाला का, दोन्ही बाजूंनी जमलं का. एका खेळात पाचच मुलं बघायची. चाळीस मुलांना आठ तास लागतात, म्हणजे महिन्याभरात सगळ्यांची एक फेरी.

उधाण

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'चुकीची' म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासा: ती नियमात बसते का, आणि ती इजा करते का. दोन्हींत उत्तीर्ण झाली तर ती चुकीची नाही, आपल्याला अनोळखी आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरी पाठ बारकडे करून २.२४ मीटर उडाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. तेव्हा ती रीत विचित्रच वाटली होती, पुढे जगाने तीच उचलली. पण त्यातली दुसरी बाजू शाळांनी जास्त लक्षात घ्यावी: पाठीवर पडायला खाली फोमची उंच गादी होती म्हणून ती उडी शक्य झाली. वाळूच्या खड्ड्यात ती रीत म्हणजे मान मोडण्याचं आमंत्रण. गादी नसेल तर उंच उडी कात्रीचीच, पाय आधी खाली, आणि मुलांनी मोबाईलवर काहीही पाहिलं असलं तरी यात शोधाला जागा नाही.

आज जिंकते पण पुढे अडते अशी रीत असेल तर तिला हरवणारं बंधन घाला. उदाहरणार्थ खो-खोत संरक्षक पूर्ण वेळ गोल खेळ करतो (काही चौकांभोवती गोल फिरत राहतो) आणि तग धरतो, कारण आक्रमक खो उशिरा देतात. संरक्षकाला 'साखळी खेळ' (म्हणजे चौकांमधून नागमोडी पळ) असं सांगू नका. आक्रमकांना बंधन द्या: दोन चौकांपेक्षा जास्त धावायचं नाही, त्याआधी खो द्यायचाच. खो भराभर पडू लागले की गोल खेळ पुरत नाही आणि संरक्षक आपणहून चौकांमधून नागमोडी शिरतो. एकदा खो घेऊन दिशा पकडल्यावर आक्रमकाला खांबापर्यंत उलटं फिरता येत नाही, हा नियम त्याला मग उमगतो, कारण तोच त्याचा बचाव असतो.

केवडा

एक भर घालते. वर्गात कमी दिसणारं, पायाने अधू किंवा दमा असलेलं मूल असेल तर त्याला कायमचं 'मोजणारा' करून टाकू नका. जागा, काम, साधन, माणसं या चारांतलं एकच बदला. जागा: त्याच्या चौकाचं अंतर कमी. काम: त्याला स्पर्शाऐवजी पट्टी ओढणं. साधन: चेंडूत घुंगरू, म्हणजे कमी दिसणाऱ्याला ऐकू येतो. माणसं: त्याच्याविरुद्ध दोनऐवजी एक. हे बदल गटालाच पेच म्हणून द्या: 'आपल्या गटातल्या प्रत्येकाला दर डावात दोनदा तरी खो मिळायला हवा, आणि डाव जिंकायलाही हवा.' मुलं मोठ्यांपेक्षा नेमके बदल सुचवतात.

साहित्याचं: चेंडू चिंध्यांचा, बाहेरून सुंभ गुंडाळलेला, १५० ग्रॅमच्या आसपास. भिजला की वजन जवळपास दुप्पट होतं, म्हणून पावसात चुलीवर टांगून ठेवा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत. खुणेसाठी चिरे ठेवू नका, पडलेल्या मुलाचा गुडघा फुटतो. नारळाची सोडणं ठेवा, पायाखाली आली तरी दबतात आणि हवी तितकी मिळतात.

उधाण

सुंभाच्या गाठींच्या दोरीबद्दल राहिलं. काथ्या भिजल्यावर लांबी बदलते, त्यामुळे कोरड्या दोरीवर मारलेल्या गाठी ओल्या पुळणीवर खोटं माप देतात. दोरी आधी रात्रभर पाण्यात भिजवा, ताणून वाळवा, मग गाठी मारा आणि दर महिन्याला टेपशी ताडा. मासेमारीच्या जाळ्याची जुनी नायलॉन दोरी मिळाली तर सर्वांत बरी. ती पाण्याने फारशी बदलत नाही, फक्त गाठ घसरते म्हणून प्रत्येक गाठीवर रंगीत दोऱ्याचे चार वेढे घ्या.